तिसऱ्यांदा विचारलं तर

मार्लिस टुओमी पडली ती लोकरीच्या मोज्यांमुळे. तिला विचाराल तर ती फरशीला दोष देईल, फारच खनपटीला बसलात तर गळक्या नळाला देईल, पण मोज्यांना देणार नाही, कारण मोजे तिने स्वतः विणले होते. सकाळी उठल्या उठल्या तिने टब घासायला घेतला, पाणी इकडेतिकडे सांडलं, वळताना पाय सटकला आणि शहात्तर वर्षांची ती धिप्पाड बाई बाथरूमच्या दारात आडवी झाली. पाय आत आणि डोकं बाहेर, घराच्या मुख्य दारापासून हातभर अंतरावर. डावा हात अंगाखाली अडकला होता आणि त्यातून कळा येत होत्या.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा की बरं झालं, कुणी पाहिलं नाही.

मग तिने उठायचा प्रयत्न केला. उजव्या हातावर जोर देऊन पाहिला, गुडघा दुमडून पाहिला, चौकटीला धरून पाहिलं. कंबरेतून अशी सणक गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी गालाखाली हात घेऊन ती तशीच पडून राहिली.

अशाच वेळेसाठी पाइनव्ह्यूच्या प्रत्येक बाथरूममध्ये छतापासून जमिनीपर्यंत एक लाल दोरी सोडलेली असते. ओढली की खाली ऑफिसात घंटा वाजते आणि गावच्या अग्निशमन दलाला निरोप जातो. मार्लिसची दोरी मात्र जमिनीपर्यंत पोचत नव्हती. ती वर, टबाच्या पडद्याच्या दांड्याला, छान फुलाची गाठ मारून बांधलेली होती, आणि बांधली होती मार्लिसनेच. राहायला आली त्याच आठवड्यात दिव्याची दोरी समजून तिने ती ओढली. शिरस्त्राणं घातलेले सहा जण जिने चढून धापा टाकत दारात हजर. त्यातला एक तर लहानपणी चर्चमध्ये तिच्या हाताखाली शिकलेला. मार्लिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने लिंबाच्या वड्यांचे दोन मोठे ट्रे भाजून त्यांच्या ठाण्यावर पोचते केले आणि घरी येऊन दोरी वर बांधून टाकली. दोरी बांधायची नाही असा इमारतीचा नियम आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्यापायी पुन्हा कुणाची धावपळ नको, हा तिचा नियम त्याहून जुना होता.

पाइनव्ह्यू ही चार मजली विटांची इमारत. नावात पाइनची झाडं असली तरी खिडकीतून दिसतं ते किराणा दुकानाचं पार्किंग. तिथे राहतात ती हाती फारसा पैसा नसलेली म्हातारी माणसं, आणि वय कमी असलं तरी शरीराने अडलेली माणसं. ज्याची जशी मिळकत तसं भाडं. खाणीच्या त्या गावात निम्म्या लोकांना पाइनव्ह्यूत जाणं म्हणजे हार वाटते, आणि उरलेले निम्मे तिथे जागा कधी मिळते याची वाट बघत असतात. मार्लिसने दोन्ही करून पाहिलं होतं. नवरा राइनो गेल्यावर गावाबाहेर जंगलाच्या कडेच्या घरात तिने एकटीने कित्येक हिवाळे काढले. लाकडं फोडा, ती आत आणा, शेगडी पेटती ठेवा, दारातला बर्फ उपसा. शेवटच्या हिवाळ्यात तर नुसती लाकडं आणायला बाहेर पडायचं म्हणून ती खुर्चीत बसून मनाची तयारी करायची. पाइनव्ह्यूची किल्ली हातात आली त्या रात्री ती भिंतीतल्या हीटरवर तळवा ठेवून पलंगावर बसली आणि पोटभर रडली. घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा आणि हे बाथरूम. पण ऊब आपोआप येत होती आणि बर्फ दुसरं कुणीतरी उपसत होतं. इतकं सुटल्यासारखं तिला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

आता फरशीवर पडल्या पडल्या तिची नजर त्याच हीटरवर गेली आणि हा काही आता आपला राहत नाही, असं तिला वाटलं.

कारण लव्होन. लव्होन ही शेजारच्या घरातली, मार्लिसच्याच वयाची, बातम्यांची खाण. कॉफीच्या वेळी तिने सांगून ठेवलं होतं, "अगं, इथे एकट्याने राहता आलं पाहिजे, हीच तर अट आहे. एकदा पडलं की संपलं. तिसऱ्या मजल्यावरचा एल्मर बघ. पडला, गाडी आली, घेऊन गेली. परत दिसला का तुला? त्याच्या खोलीत आता दुसरंच कुणी राहतंय. आपण नाही हो पडलो, म्हणायचं, आणि पडलोच तर गुपचूप उठायचं."

गुपचूप उठणं तर जमत नव्हतं. तेव्हा निदान गुपचूप पडून राहावं, असं मार्लिसने ठरवलं.

नऊ वाजता दारावर टकटक झाली.

पाइनव्ह्यूत एक रीत आहे. प्रत्येकाकडे जाड लोकरी कापडाचा एक लाल पक्षी असतो. रात्री झोपताना तो दाराच्या मुठीला बाहेरून टांगायचा, सकाळी उठलं की आत घ्यायचा. नऊ वाजता मॅनेजर प्रत्येक मजल्यावरून फिरते, आणि ज्याच्या मुठीला पक्षी अजून लोंबतोय त्याचं दार वाजवते. मार्लिसला हा पोरखेळ वाटायचा, पण टांगायची ती रोज, न चुकता. आज तो आत घ्यायच्या आधीच ती टबाच्या मागे लागली होती.

"मार्लिस? मी इव्हेट. तुमचा पक्षी बाहेरच आहे. ठीक आहात ना?"

आता बघा. दार हातभर अंतरावर. दारापलीकडे किल्ल्यांचा जुडगा घेतलेली धडधाकट बाई उभी. एक शब्द बोलायचा अवकाश होता. मार्लिसने तोंड उघडलं, आणि तिच्या कानांनी ऐकलं तर ते तोंड म्हणत होतं, "हो हो, अगदी ठीक! विसरलेच बघ मी."

"नक्की? काही मदत हवी का? मला वेळ आहे."

"छे गं! तुला कशाला उगाच त्रास? जा तू, तुला कामं असतील."

आणि मार्लिस श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघू लागली.

तिसऱ्याची म्हणजे तिसऱ्यांदा विचारण्याची. मिनेसोटाच्या उत्तरेकडे आईच्या दुधाबरोबर एक गोष्ट शिकवतात. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, कारण तो नुसता शिष्टाचार असतो. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, कारण विचारणाऱ्याला माघार घ्यायची संधी द्यायची असते. तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र ते खरं. मग म्हणायचं, बरं, केलीच आहेस तर अर्धा कप. त्यावर ती पूर्ण कप ओतते आणि दोघंही खूश. मार्लिसच्या आईने पाव्हण्यांसमोर एकदाच चटकन हो म्हटल्याबद्दल तिला परसात नेऊन अशी दटावली होती की अजून कान गरम होतात. राइनोने लग्नाचं विचारलं तेही तीनदा विचारलं. दोनदा विचारून तो गाडीकडे चालू लागला तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता, पण गडी इथलाच, परत आला.

इव्हेट मात्र टेक्सासची. नुकतीच आलेली. तिला कॉफी विचारली तर पहिल्या फटक्यात "आवडेल!" म्हणते, आणि म्हाताऱ्या मंडळींना धक्का बसतो. दारापलीकडून ती म्हणाली,

"बरं तर. पक्षी आत सरकवते हं."

दाराखालच्या फटीतून लाल पक्षी आत आला आणि मार्लिसच्या नाकासमोर येऊन थांबला. पावलं पुढच्या दाराकडे गेली.

दोनदा! दोनदाच विचारलं! मार्लिसला त्या पोरीचा असा संताप आला की काही वेळ हाताची कळही जाणवली नाही. कुठल्या जंगलात वाढली ही? मग संताप ओसरला आणि तो फिरून स्वतःवर आला. ओरडून तिला परत बोलवावं का? पण कोणत्या तोंडाने? आत्ताच तर अगदी ठीक आहे म्हणून सांगितलं. म्हणजे पडली ती पडली, वर खोटंही बोलली.

ऊन खिडकीतून आत सरकलं, पलंगाचा पाय ओलांडून पुढे गेलं. मार्लिसला तहान लागली. नळ ठिबकत होता, त्याचा आवाज ऐकून जास्तच लागली. एकदा तिने कोपरावर रेटून सरकायचा प्रयत्न केला, पण अंगाखालचा हात असा ठणकला की ती कळवळली. फरशी गार होती. डोळे मिटून ती समोरच्या पक्ष्याचा विचार करत राहिली, आणि त्या विचारातच तिला एकदम दरदरून घाम फुटला.

पक्षी आत होता. रात्री तो बाहेर टांगायचा कोणी? कोणीच नाही. म्हणजे उद्या सकाळी नऊ वाजता इव्हेट येणार, मोकळी मूठ बघणार, आणि मोकळी मूठ म्हणजे सगळं ठीक. परवाही तेच. तेरवाही तेच. दार मोकळं दिसेल आणि जो तो समाधानाने पुढे जाईल.

मार्लिसला त्या दिवशी पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. घर जाण्याची भीती होतीच, पण ही तिच्यापेक्षा मोठी होती. ती ओरडली. सगळा जीव एकवटून ओरडली. पण जन्मभराची सवय, ओरडली तेही असं, "कुणी आहे का? तसं काही खास नाही!"

कुणी नव्हतं. दुपारच्या जेवणाला सगळा मजला खाली गेला होता. गुरुवार, म्हणजे बटाट्याची हॉटडिश, भट्टीतून गरमागरम काढलेला इथला लाडका पदार्थ, कोण कशाला वर थांबतंय.

समोरच्या घरात कर्ट झुपान राहायचा. पंचेचाळिशीचा, खांद्यांनी भरलेला, खाणीतून माल वाहणारा ट्रक उलटला तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. मार्लिसचं आणि त्याचं फारसं सख्य नव्हतं. म्हाताऱ्यांच्या इमारतीत या तरण्याताठ्याचं काय काम, असं ती लव्होनपाशी बोलली होती, आणि लव्होनपाशी बोललेलं कर्टला कळलं नसेल असं होणारच नाही. त्यातून तो हॉकीचे सामने लावायचा ते अख्ख्या मजल्याला ऐकू जायचे. ती राहायला आली तेव्हा दारात येऊन त्याने एक लांब दांड्याचा चिमटा पुढे केला होता. टोकाला पकड असलेला, खुर्चीत बसून वरच्या फळीवरचे डबे काढायचा.

"हा ठेवा तुम्हाला. माझ्याकडे दोन आहेत."

"नको रे, माझा हात पोचतो."

"असू द्या की. कधीतरी लागेल."

"नको नको," असं म्हणून मार्लिसने तो पुढे काही बोलायच्या आत हसून दार लावून घेतलं होतं. कारण तिसऱ्यांदा विचारलं असतं तर घ्यावा लागला असता, आणि चिमटा घरात आला म्हणजे आपण चिमट्याच्या लायकीचे झालो.

तोच कर्ट आता मांडीवर धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन कपडे धुण्याच्या खोलीतून परत येत होता. हॉटडिश त्याला आवडत नसे. मार्लिसच्या दारासमोर चाकं थांबली.

"मार्लिस? तुमचा पेपर बाहेरच पडलाय."

मार्लिसला हायसं वाटलं. आणि तोंड म्हणालं, "असू दे. वाचते नंतर."

"सकाळपासून पडलाय. तुम्ही तर तो मी उठायच्या आत चाटूनपुसून वाचता."

"आज जरा कंटाळा केला."

चाकं दाराच्या आणखी जवळ आली. मग तो म्हणाला, "मार्लिस, तुम्ही कुठे आहात?"

"घरातच आहे की! कुठे जाणार?"

"तसं नव्हे. माझ्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज वरून येतो. मला सवय आहे त्याची. आज तुमचा खालून येतोय. जमिनीवर आहात का तुम्ही?"

विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हेही आईनेच शिकवलेलं. सकाळी एकदा बोलून झालं होतं. मार्लिस म्हणाली, "इथे जरा फरशीपाशी आहे."

"फरशीपाशी?"

"हो."

"मदत हवीय का?"

"नको रे, तू कशाला उगाच. कपडे वाळत असतील तुझे."

"कपडे वाळलेत. कुणाला बोलावू का?"

"छे छे, जेवत असतील सगळे. त्यांना कशाला उठवायचं."

बाहेर चाकांचा आवाज झाला. एकदा पुढे, एकदा मागे, आणि मग काहीच नाही.

गेला, मार्लिसला वाटलं. हाही गेला. आपणच घालवला. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन नाकावरून फरशीवर ओघळलं. पुसायला हात मोकळा असूनही तिने पुसलं नाही. अख्खं आयुष्य कुणाला त्रास न देता काढलं आणि त्याचं फळ म्हणजे ही गार फरशी. तिला स्वतःची भयंकर कीव आली, आणि कीव आली म्हणून लाजही वाटली.

तेवढ्यात कर्टचा आवाज आला. या वेळी अगदी खालून, दाराच्या फटीजवळून. तो खुर्चीतून जेवढं वाकता येईल तेवढा वाकला होता.

"मार्लिस, नीट ऐका. मी खुर्ची फिरवून दाराला लावलीये, मी कुठे जात नाहीये. आता मी तिसऱ्यांदा विचारतोय. मोजून तिसऱ्यांदा. मदत हवीय का?"

मार्लिसने फटीकडे तोंड वळवलं.

"बरं," ती म्हणाली, "आता आलाच आहेस तर त्या इव्हेटला सांग किल्ली घेऊन ये म्हणावं." आणि राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाली, "पण जेवत असेल तर जेवण होऊ दे तिचं."

कर्ट काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तो खिशातला फोन काढून इव्हेटवर ओरडला ते तिसऱ्या मजल्यावरही ऐकू गेलं.

दार उघडलं. इव्हेटच्या ओठाला हॉटडिशमधला बटाटा चिकटलेला होता. ती गुडघ्यांवर बसली, तिने मार्लिसच्या डोक्याखाली आपलं जाकीट दिलं, अंगावर पलंगावरची गोधडी घातली, आणि अँब्युलन्स निघाली आहे, हलू नका, म्हणाली. मार्लिसने तिचा हात धरून ठेवला.

"इव्हेट, हे घर राहील ना गं मला?"

"म्हणजे?"

"पडले ना मी. एल्मरसारखं होईल का?"

"एल्मरसारखं?" इव्हेट बुचकळ्यात पडली. "एल्मर त्याच्या मुलीकडे राहायला गेलाय, ड्यूलूथला. स्वतःच्या मर्जीने. हाड तर त्याचं कधीच जुळलं. तळ्यावर मासे धरत बसतो, मला फोटो पाठवतो. प्रत्येक फोटोत तोच एक मासा असतो, पण ते सोडा."

"मग पडलं की घर जात नाही?"

"मार्लिस, पडल्यावर घर काढून घ्यायचं असतं तर ही इमारत पहिल्याच वर्षी ओस पडली असती. पडणारी माणसं इथे राहणार म्हणूनच तर ती बांधलीये. भिंतीला धरायला दांडा हवा असेल तर तो आम्ही लावून देतो. तुम्ही नुसतं सांगायचं."

मार्लिसने डोळे मिटले. हात दुखत होता, कंबर दुखत होती, आणि तरी सगळं अंग सैल पडत गेलं. भिंतीतल्या हीटरने नेमका तेव्हाच खुडखुड आवाज केला आणि गरम हवा सोडली. माझा आहे तो, ती मनात म्हणाली, अजून माझाच आहे.

"पण मी विचारलं होतं तुम्हाला," इव्हेट म्हणाली. "सकाळी विचारलं. दोनदा विचारलं. तुम्ही नको म्हणालात."

"दोनदाच विचारलंस," मार्लिस म्हणाली.

इव्हेटने कर्टकडे पाहिलं. कर्टने दारातूनच तिला कॉफीची, अर्ध्या कपाची आणि तिसऱ्यांदा विचारण्याची सगळी रीत समजावून सांगितली. इव्हेट ऐकत राहिली आणि मग चिडलीच.

"आमच्याकडे माणूस नको म्हणाला की ते नको असतं. म्हातारं आहे, अपंग आहे, म्हणून त्याचं नको ऐकायचंच नाही, रेटत राहायचं, असं करणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून मी विचारते आणि ऐकते."

"तेही बरोबरच आहे गं," मार्लिस म्हणाली. तिला ते खरोखरच बरोबर वाटलं. "तू ऐकलंस. मीच काय बोलले ते मला ऐकू आलं नाही."

मग अँब्युलन्स आली. इव्हेटने जाता जाता विचारलं की दोरी का नाही ओढलीत, तेव्हा मार्लिसने सांगितलं की हात पोचला नाही. तसं ते खोटं नव्हतं. टबाचा पडदा सरकवून दोरीवरच गोळा केलेला होता आणि त्या धांदलीत दांड्यावरचं फूल कुणाच्या नजरेस पडलं नाही.

कंबर शाबूत निघाली, नुसता मुका मार. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून मार्लिस घरी परतली तेव्हा दारात लव्होन वेलदोड्याचा पाव घेऊन उभी होती आणि एल्मरबद्दल आपण कधी काही बोललोच नव्हतो असा चेहरा करून होती. मार्लिसनेही तो विषय काढला नाही. पाव चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर कसला तरी गलबला ऐकू आला म्हणून मार्लिसने दार उघडून पाहिलं. नऊ वाजता सुरू होऊन चटकन संपणारी इव्हेटची फेरी त्या मजल्यावर अडकून पडली होती. पक्षी बाहेर असो नसो, ती प्रत्येक दार वाजवत होती आणि प्रत्येकाला तीनदा विचारत होती. लव्होनच्या दारात तिचं चालू होतं.

"काही हवंय?"

"नाही बाई, काही नको."

"काही हवंय का?"

"तू कशाला त्रास घेतेस?"

"लव्होन, काही हवंय का?"

लव्होन म्हणाली, "बरं, आलीच आहेस तर ती काकडीच्या लोणच्याची बरणी उघडून दे. ख्रिसमसपासून उघडत नाहीये."

त्यापुढच्या दारात एकाचा दिवा महिनाभर बंद निघाला. त्यापुढे एकीला डोळ्यांत औषध घालता येत नव्हतं, ती ते नुसतं उशाशी ठेवून झोपत होती. कोपऱ्यातल्या आंधळ्या रॉयला काहीच नको होतं, फक्त कुणीतरी पाच मिनिटं बसावं असं वाटत होतं, आणि इव्हेट बसली. घामाघूम होऊन ती मार्लिसकडे पोचली तेव्हा मार्लिसने कॉफी विचारली. इव्हेट नको म्हणाली. मार्लिसने पुन्हा विचारलं. इव्हेट मनात काहीतरी मोजत पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर मोठ्या विजयाने म्हणाली, "अर्धा कप!" मार्लिसने पूर्ण ओतला. दांड्याचं काम सुतार उद्या करेल, असं सांगून आणि कप रिकामा करून इव्हेट पुढच्या मजल्यावर गेली.

मार्लिस कप विसळून बाथरूममध्ये आली. पडदा बाजूला केला. दोरी तशीच होती, फुलाची गाठ घेऊन. दोन हात असताना बांधलेली गाठ एका हाताने सुटेना. स्टूल घ्यावं असं मनात आलं, आणि स्टुलावरून आपण पुन्हा कशा पडू तेही डोळ्यांसमोर आलं. इव्हेट पुन्हा कधी विचारेल? उद्या नऊला. सुतार विचारेल का? सुतार दांड्याचं विचारेल, दोरीचं नाही. दोरीबद्दल कुणी विचारणारच नव्हतं, कारण ती बांधलेली आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने दार उघडलं, बोळ ओलांडला आणि समोरचं दार वाजवलं. आत हॉकीचा सामना चालू होता. तो बंद झाला, दार उघडलं.

"कर्ट," मार्लिस म्हणाली, "तो चिमटा घेऊन ये जरा. माझी दोरी सोडायचीये."

कर्ट तिच्याकडे बघत राहिला. "मी अजून विचारलंच नाहीये काही."

"माहितीये मला. मागच्या वेळी कुणी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत पडले तर दुपार झाली."

तो चिमटा घेऊन आला. टबाशी खुर्ची लावून त्याने मान वर केली, गाठ बघितली, मार्लिसकडे बघितलं, आणि फुलाची एक पाकळी पकडीत धरून हळूच ओढली. गाठ सुटली. लाल दोरी सरसरत खाली आली आणि तिचं टोक फरशीला टेकलं, मार्लिसचा पाय सटकला होता नेमकं तिथे. घंटा वाजली नाही. दोघांनीही रोखलेला श्वास सोडला.

"चिमटा इथेच ठेवू का?" कर्टने विचारलं.

मार्लिसच्या तोंडात नको आलंच होतं. ते तिने गिळलं.

"ठेव," ती म्हणाली. "तिथे, हाताशी ठेव. आणि कॉफी घेऊन जा."

"छे, नको नको," कर्ट म्हणाला, "उगाच कशाला तुम्हाला त्रास."

मार्लिस त्याचा कप काढायला केव्हाच स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली होती.